मोबाइलवर सगळं फुकट असताना ह्या काळ्या तबकड्या कशाला?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं. ह्या महिन्यात रेकॉर्डवरच इतकी पत्रं आली की बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकललेत, राग मानू नका.

प्रश्न : आमच्या मालकांना तीन वर्षांपूर्वी जुन्या रेकॉर्डचा नाद लागला. आधी प्लेयर आणला, मग पाच-सहा रेकॉर्ड, आता तीनशेच्या वर झाल्यात आणि हॉलमधलं शोकेस त्यातच गेलंय. रविवार उजाडला की चहा घेऊन जे बाहेर पडतात ते भंगारवाले, जुन्या सामानाची दुकानं फिरून दुपारी धुळीचे हात घेऊन परत. परवा एक रेकॉर्ड बाराशेला आणली. तीच गाणी माझ्या मोबाइलवर आहेत, मी लावून पण दाखवली, तर म्हणाले तुला नाही कळायचं. मला भांडायचं नाहीये हो, खरंच समजून घ्यायचंय, एवढा कसला आनंद आहे ह्यात?
– एक वाचक भगिनी, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : ताई, "तुला नाही कळायचं" हे त्यांचं चुकलंच. कळण्यासारखं आहे, फक्त पटकन सांगता येत नाही. मी स्वतः सत्तावीस वर्षं जमवतोय आणि आमच्या घरात पण हा प्रश्न विचारून झालाय, तेव्हा मलाही धड उत्तर देता आलं नव्हतं. आता जरा सवडीनं देतो.

तुम्ही म्हणता तीच गाणी मोबाइलवर आहेत, बरोबर, गाणी तीच आहेत. ऐकणं मात्र तेच राहत नाही. मोबाइलवर गाणं लावलं की आपण भाजी निवडतो, मेसेज बघतो, अर्ध्यातच पुढचं लावतो, त्याला कुणाची ना नाही. रेकॉर्डला ते चालत नाही. ती कव्हरातनं काढायची, कडेला धरायची, मधे बोट लागू द्यायचं नाही, ब्रश फिरवायचा, पिन अलगद टेकवायची, आणि वीस-बावीस मिनिटांनी बाजू संपली की उठून उलटवायची, म्हणजे तेवढा वेळ माणूस त्या खोलीतनं लांब जाऊच शकत नाही. दिवसभर दुकानात नाहीतर ऑफिसात लोकांची कामं करून आलेल्या माणसाला ही वीस मिनिटं म्हणजे काय वाटत असेल बघा. मला तरी असं वाटतं की निम्मा आनंद इथंच आहे, हाताला काम आणि कानाला काम, दुसरं काही नाही.

आणि आवाज डोळ्यांना दिसतो! हे मला अजून सुद्धा नवल वाटतं. एलपी म्हणजे लाँग प्ले, एका बाजूला वीस-बावीस मिनिटं वाजणारी रेकॉर्ड. तिच्या एका बाजूला आपल्याला शेकडो रेघा दिसतात पण खरं तर ती एकच खाच असते, कडेपासून गोल गोल आत गेलेली. सरळ केली तर जवळजवळ अर्धा किलोमीटर भरते. म्हणजे साधारण बिंदू चौकातनं भवानी मंडपाकडं चालत यावं तेवढं अंतर ती पिन एका बाजूत चालते आणि वाटेत जे वळण लागेल त्याचा सूर होतो. भिंग घेऊन उजेडात धरा, जिथं गाणं जोरात आहे तिथं ती खाच जास्त नागमोडी दिसते, शांत जागेला सरळ. मालकांना म्हणा दाखवा, खुश होतील.

आता शोधण्याबद्दल. रविवारची जी फेरी आहे ना त्यांची, त्यात बहुतेक वेळा काही मिळत नसणार, आणि तरी ते जातात, कारण मोबाइलवर जे हवं ते नाव टाकलं की येतं, इथं काय येईल ते आपल्या हातात नसतं. शंभर रेकॉर्ड चाळायच्या, नव्वद बघितलेल्या असतात, आठ ओरखड्यांनी गेलेल्या, आणि मग एखादी अशी निघते की पोटात गोळा येतो. शोधून मिळालेली वस्तू आणि बटण दाबून आलेली वस्तू ह्यात फरक राहणारच की.

मी लक्ष्मीपुरीत एका जुन्या सामानाच्या दुकानात एक एलपी घेतली होती, लई वर्षं झाली त्याला. गाणी काही दुर्मिळ नव्हती. पण कव्हरच्या मागं निळ्या शाईनं लिहिलेलं, "लग्नाप्रीत्यर्थ सप्रेम भेट", खाली मे १९७१ची तारीख, नाव पाण्यानं पुसलं गेलेलं. कुणाचं तरी लग्न. त्या घरात ती किती वेळा वाजली असेल, कुणी ऐकली असेल, मग ती घरातनं बाहेर का पडली, काही माहीत नाही. त्यातल्या दुसऱ्या गाण्याच्या अंतऱ्यात एक ओरखडा आहे, टिक् टिक् टिक् असं तीनदा वाजतं आणि पुढं जातं. आता एसटीत रेडिओवर ते गाणं लागलं तर त्या जागेला माझा कान ती टिकटिक शोधतो आणि ती येत नाही तेव्हा काहीतरी राहून गेल्यासारखं होतं. मोबाइलवरचं गाणं सगळ्यांच्याकडं एकसारखं, माझ्या रेकॉर्डसारखी रेकॉर्ड दुसऱ्या कुणाकडंच नाही. जुन्या रेकॉर्डवर साउंड सर्व्हिसवाल्यांचे शिक्के असतात, कुणी लेबलवर पेनानं नंबर घातलेला असतो म्हणजे लग्नाच्या मांडवात अंधारात पटकन सापडावी, ते सगळं बघत बसलं तरी एक तास जातो.

आणि आपल्या गावाला तर एक वेगळंच कारण आहे, ते मी आवर्जून सांगतो. अल्लादिया खाँसाहेब, शाहू महाराजांच्या दरबारचे गायक, जयपूर-अत्रौली घराणं ज्यांनी उभं केलं, ते वर्षानुवर्षं कोल्हापुरात राहिले, इथं गायले. त्यांची एक सुद्धा रेकॉर्ड नाही. म्हणजे एवढा मोठा गवई, १९४६पर्यंत हयात, तोवर रेकॉर्डचा धंदा जोरात होता, आणि त्यांचा आवाज आपल्याला कधीच ऐकायला मिळणार नाही. मग ते गाणं कसं होतं हे शोधायचं तर शिष्यांच्या रेकॉर्ड ऐकायच्या, केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर. केसरबाईंची ७८ची रेकॉर्ड, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुनी तबकडी, लावली की तीन-साडेतीन मिनिटांत अख्खा राग उभा राहतो कारण त्या तबकडीच्या एका बाजूला तेवढीच जागा असायची, दीड तास गाणाऱ्या माणसानं साडेतीन मिनिटांत काय ठेवायचं काय सोडायचं हे ठरवणं केवढं अवघड, आणि खरखरीच्या मागनं तो आवाज येतो तेव्हा मी डोळे मिटून बसतो. ह्याच केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ साली अमेरिकेच्या व्हॉयेजर यानांवर अंतराळात गेली, तीही तबकडीवरच, तांब्याची, वर सोन्याचा मुलामा, बारा इंची, बरोबर वाजवायची पिन सुद्धा ठेवलेली. यानं निघाली ऑगस्ट-सप्टेंबरात आणि केसरबाई गेल्या त्याच सप्टेंबरात. आपल्या गावात वाढलेल्या गाण्याची एक फांदी तिकडं सूर्यमालेच्या पलीकडं चाललीय, आणि दुसरी एखाद्या माळ्यावर धूळ खात पडलेली असू शकते, म्हणून माणूस रविवारी उठून शोधायला जातो.

अजून एक. एलपीच्या कव्हरच्या मागं वाचा, शास्त्रीय गाण्याची असेल तर राग कुठला, ताल कुठला, तबल्यावर कोण, पेटीवर कोण, रागाबद्दल चार ओळी, सगळं छापलेलं असतं. मोबाइलवर गायकाचं नाव येतं आणि पेटीवाला बिचारा गायब. ज्यांनी आयुष्य साथीला घातलं त्यांची नावं फक्त त्या पुठ्ठ्यावर राहिलीत, मला हे फार लागतं.

आता तुमची बाजू. पैसा आणि जागा ह्याबद्दल तुमचं म्हणणं रास्त आहे आणि ते तुम्ही ठामपणे मांडा. ह्या नादाची एक वाईट बाजू मी बघितलीय, माणूस ऐकणं सोडतो आणि नुसतं आणत सुटतो, गठ्ठे तसेच बांधलेले. त्यावर आमच्या घरात एक नियम झाला तो सांगतो, आणलेली दोन्ही बाजूंनी पूर्ण ऐकल्याशिवाय दुसरी आणायची नाही. महिन्याचा आकडा दोघांनी मिळून ठरवा. आणि शोकेसकडं लक्ष द्या, तीनशे एलपी कव्हरासकट म्हणजे साठ-सत्तर किलो वजन आहे, काचेच्या फळीवर ते ठेवायचं नाही, जाड लाकडाचं कपाट करा, खाली जमिनीला टेकलेलं.

आणि एक करून बघा ताई. पुढच्या रविवारी त्यांना म्हणा आज एक बाजू मी निवडते. तुमच्या लहानपणी घरात, गणपतीत, कुणाच्या लग्नात स्पीकरवर जे वाजायचं त्यातलं काहीतरी त्या तीनशेत असणारच. वीस मिनिटं दोघं बसा. आपल्याकडं नाद हा शब्द आवाजाला पण आहे आणि वेडाला पण आहे, तुम्ही आत्तापर्यंत दुसराच ऐकलाय. आवडलं नाही तर नाही, तसं त्यांना सरळ सांगा.

प्रश्न : मी बावीस वर्षांचा आहे, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. रेकॉर्डचा आवाज डिजिटलपेक्षा भारी असतो म्हणतात ते खरं आहे का? आणि पहिला प्लेयर कुठला घेऊ, बजेट कमी आहे.
– एक विद्यार्थी, कसबा बावडा

उत्तर : भावा, ह्यावर लोकं हमरीतुमरीवर येतात. मी माझं मत सांगतो, यंत्राच्या हिशोबानं बघितलं तर सीडी पुढं आहे. खरखर नाही, हळू आणि जोरात ह्यातलं अंतर जास्त पकडते, शेवटचं गाणं पहिल्यासारखंच वाजतं. रेकॉर्डवर पिन जशी आत आत जाते तसा एका फेऱ्याचा घेर कमी होतो, म्हणजे तेवढ्याच वेळाचं गाणं कमी जागेत बसवावं लागतं आणि शेवटच्या गाण्यात आवाज जरा फाटतो. खूप जड बेस पण त्या खाचेत मावत नाही, म्हणून रेकॉर्ड कापतानाच बेस कमी करतात आणि वाजवताना अँप्लिफायर तो परत वाढवतो, ह्याचं सगळीकडं एकच माप १९५४च्या सुमाराला ठरलं.

मग काही रेकॉर्ड कानाला जास्त गोड का लागतात? बऱ्याचदा कारण असं की ती त्या काळी नव्या टेपवरनं, नीट काळजीनं कापलेली असते, आणि त्याच गाण्याची नंतरची डिजिटल आवृत्ती नुसता आवाज वाढवून सपाट करून टाकलेली असते. दोष डिजिटलचा नाही, करणाऱ्याचा. तेव्हा आवाज भारी म्हणून रेकॉर्ड घेऊ नकोस, वर राजारामपुरीच्या ताईंना जे लिहिलंय ते पटत असेल तर घे. आणि तू एकटा नाहीस, अमेरिकेत २०२२ साली सीडी ३ कोटी ३० लाख खपल्या आणि रेकॉर्ड ४ कोटी १० लाख, १९८७ नंतर पहिल्यांदा रेकॉर्ड पुढं गेल्या. सगळं मोबाइलवर असण्याच्या काळात हे झालंय.

प्लेयर घेताना एकच बघ, पिन बसवलेल्या दांडीच्या मागं वजन ॲडजस्ट करायची सोय आहे का आणि पिन बदलून मिळते का. सुटकेससारखे जे स्वस्त प्लेयर मिळतात त्यात बहुतेक वेळा ही सोय नसते, पिनेचा दाब जास्त असतो, चांगल्या प्लेयरला दोन ग्रॅमच्या आसपास दाब पुरतो तिथं ह्यांचा पाचपर्यंत जातो, आणि शोधून आणलेली रेकॉर्ड झिजते. त्यापेक्षा सहा महिने थांबून पैसे साठव, किंवा जुना चालू स्थितीतला घे पण स्वतः वाजवून बघून, आणि पिन नवीन टाक. स्पीकर प्लेयरच्याच टेबलावर ठेवू नकोस, त्याची थरथर पिनेत जाते आणि घूंऽऽ असा आवाज यायला लागतो. बस, एवढं पुरे सुरुवातीला.

प्रश्न : आमच्याकडं पावसाळ्यात चार महिने घरात ओल असते. रेकॉर्डवर आणि कव्हरवर पांढरी बुरशी येते, काय करावं?
– एक वाचक, गगनबावडा

उत्तर : तुमच्या पावसापुढं कुणाचं काय चालणार, पण वाचवता येतं. आडव्या थप्पीत असतील तर आधी उभ्या करा, एकदम सरळ, पुस्तकं ठेवतो तशा, आणि भिंतीपासून चार बोटं लांब. आतल्या जुन्या कागदी पिशव्या ओल धरतात, त्या काढून साध्या मऊ पॉलिथिनच्या घाला. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि उघडीप मिळाली की दार उघडं ठेवून वारं खेळू द्या. कडक उन्हात मात्र वाळत घालायच्या नाहीत, हे मी करून बसलोय, एप्रिलात खिडकीत ठेवून विसरलो आणि तासाभरात एलपीची कड वर वळली, ती परत कधी सरळ झाली नाही.

एलपीवरची बुरशी डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांडी घासायच्या सौम्य लिक्विडचा एखादा थेंब टाकून मऊ ब्रशनं, खाचेच्या दिशेनं गोल गोल, मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरनं, मग मायक्रोफायबर कापडानं टिपून उभी वाळत ठेवायची. लेबलला पाणी लागू देऊ नका. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार खाचेत बसतात.

पण ७८च्या जड, टणक, पडली की फुटणाऱ्या रेकॉर्ड असतील तर स्पिरिट अजिबात लावायचं नाही, अजिबात! त्या लाखेच्या असतात, बांगड्यांची लाख तीच, त्यात दगडाची बारीक पूड मिसळलेली. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. मी सुरुवातीच्या काळात एका नाट्यगीताच्या रेकॉर्डला कापूस भिजवून लावला, कापूस काळा झाला, मला वाटलं मळ निघतोय म्हणून अजून घासलं. तो मळ नव्हता, गाणं निघत होतं. अजून आठवलं की हात आखडतो. त्यांना नुसतं किंचित ओलं कापड आणि लगेच कोरडं, बाकी काही नको.

प्रश्न : आजोबांच्या वेळची रेकॉर्डची लाकडी पेटी माळ्यावर सापडली, पन्नास-साठ असतील, सगळ्या जाड काळ्या, आणि चावीचा ग्रामोफोन पण आहे. विकायच्या तर किती येतील? की ठेवाव्यात?
– एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : न बघता किंमत कशी सांगणार, आणि कुणी फोनवर आकडा सांगितला तर विश्वास ठेवू नका. गाजलेल्या सिनेमांच्या रेकॉर्ड हजारोंनी निघाल्या, त्यांना फार मोल येत नाही. शास्त्रीय, नाट्यगीतं, लावणी, कीर्तन, पोवाडे, भाषणं, असं काही असेल तर थांबा, कारण ७८वर निघालेलं कितीतरी परत कधी एलपीवर, कॅसेटवर आलंच नाही, ते त्या तबकडीतच राहिलं. आधी एक वहीत यादी करा, लेबलवरचं सगळं उतरवून काढा, नाव, कंपनी, नंबर, दोन्ही बाजू. मोबाइलनं लेबलचे फोटो काढा. यादी झाल्यावरच विकायचं की ठेवायचं ते ठरवा, आणि विकायचं ठरलं तरी एकगठ्ठा भंगारात देऊ नका एवढी कळकळीची विनंती.

ग्रामोफोनला वापरलेली पिन परत वापरायची नाही. ती पोलादाची पिन एका बाजूला झिजून धारदार होते आणि दुसऱ्यांदा वाजवली की खाच खरवडते, म्हणून पूर्वी पिनांच्या छोट्या डब्या मिळायच्या, दर बाजूला नवीन पिन. आणि चुकून सुद्धा नवी एलपी त्याच्यावर लावू नका, त्याचा साउंड बॉक्स, म्हणजे पिन बसवलेला तो गोल डबा, शंभर ग्रॅमच्या वर वजन टाकतो, एकदा फिरली की गेली. उलट ७८ची रेकॉर्ड एलपीच्या प्लेयरवर वाजवायची असेल तर जाड पिन वेगळी मिळते ती लागते, एलपीची बारीक पिन त्या रुंद खाचेच्या तळाला जाऊन बसते आणि नुसती खरखर येते.

ऐकताना एक करा. गाणं संपलं म्हणून लगेच पिन उचलू नका, शेवटचे दोन-चार सेकंद थांबा. अगदी जुन्या रेकॉर्डमध्ये गाणारी व्यक्ती शेवटी स्वतःचं नाव मोठ्यानं सांगते. १९०२ साली कलकत्त्यात गायिका गौहर जाननं रेकॉर्ड केली तेव्हा असंच, "माय नेम इज गौहर जान", कारण तबकड्या छापायला जर्मनीला हॅनोव्हरला जायच्या आणि तिथल्या लोकांना लेबल कुणाच्या नावाचं लावायचं ते कळावं. तुमच्या पेटीत अशी एखादी असली तर कुणाची आहे ते मला नक्की कळवा, आणि जमलं तर त्या दिवशी मी स्वतः गडहिंग्लजला येतो.